लेन्स बसली म्हणजे जुळली असं नाही! फुल फ्रेम कॅमेरा घेण्याआधी हे तपासा

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावच्या फोटो स्टुडिओंत लग्नाच्या बुकिंगची लगबग सुरू होते. सीझनच्या तोंडावर अनेक फोटोग्राफर कॅमेरा बदलतात. जुना क्रॉप सेन्सरचा मिररलेस द्यायचा, त्याच कंपनीचा फुल फ्रेम घ्यायचा आणि लेन्स मात्र आहेत त्याच वापरायच्या, असा साधा हिशेब असतो. दुकानात लेन्स नव्या कॅमेऱ्यावर खटकन बसतेही. पण घरी फोटो कॉम्प्युटरवर टाकला की लक्षात येतं, एवढे पैसे घालूनही फाइल आधीपेक्षा लहान झाली आहे! कॅमेरा खराब नसतो आणि लेन्सही खराब नसते. त्यांची जोडी चुकलेली असते.

नेमका फरक कुठे?

फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो. सोनी, निकॉन, फुजीच्या क्रॉप कॅमेऱ्यांत तो साधारण 23.5 बाय 15.6, तर कॅननमध्ये सुमारे 22.3 बाय 14.9 मिलिमीटरचा असतो. म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी.

बॅटरीचा झोत भिंतीवर जसा गोल पडतो, तसंच लेन्स सेन्सरवर गोल चित्र पाडते. फुल फ्रेमच्या लेन्सचा गोल मोठा असतो, क्रॉपसाठी बनवलेल्या लेन्सचा लहान. लहान गोल मोठ्या सेन्सरवर पडला की कोपरे काळे राहतात. सगळा घोळ इथेच आहे.

फुल फ्रेमची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर

ही जोडी चालते. मोठ्या गोलाचा मधला भाग तेवढा वापरला जातो, त्यामुळे फोटोत दिसणारा भाग कमी होतो. 50 एमएमची लेन्स 75 सारखी वागते, कॅननवर 80 सारखी. 70-200 लेन्स 105-300 सारखा पल्ला देते. स्टेजपासून लांब उभं राहून फोटो घेणाऱ्याला हा फायदाच आहे.

अडचण येते वाइडला. 24-70 लेन्स क्रॉपवर 36-105 सारखी होते. घरासमोरच्या मांडवात मागे सरकायला जागा नसते आणि अख्खं खानदान एका फोटोत हवं असतं. तिथे कडेचे पाहुणे कापले जातात. म्हणून क्रॉप कॅमेऱ्यासोबत 16 किंवा 17 एमएमपासून सुरू होणारी लेन्स लागतेच. उजेडाचं गणित मात्र बदलत नाही. एफ 2.8 ची लेन्स दोन्हीकडे एफ 2.8 चंच एक्स्पोजर देते.

क्रॉपची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर

खरा फटका इथे बसतो. अशी लेन्स लावली की कॅमेरा आपोआप सेन्सरचा मधला भागच वापरतो. सोनी आणि निकॉनमध्ये मेगापिक्सेलला 2.25 ने भागायचं, कॅननमध्ये सुमारे 2.56 ने. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जेमतेम 10 ते 11 मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. 33 चा असेल तर 14 च्या आसपास. कॅननच्या 20 मेगापिक्सेल कॅमेऱ्यातून 8 सुद्धा मिळत नाहीत.

अल्बमच्या भाषेत सांगायचं तर 12 बाय 18 इंचाचं एक पान 300 डीपीआयने छापायला सुमारे 19 मेगापिक्सेल लागतात. 10 मेगापिक्सेलचा फोटो त्याच पानावर 215 डीपीआयच्या आसपास येतो. एका पानाला चालून जाईल, पण फोटो कापून नवरा-नवरीला जवळ आणायचं म्हटलं किंवा 12 बाय 36 च्या दोन्ही पानांवर एकच फोटो पसरवायचा म्हटलं की ओढाताण होते.

सोनीमध्ये हा आपोआप होणारा क्रॉप बंद करता येतो, पण मग काळे कोपरे दिसतात. निकॉन आणि कॅननमध्ये कंपनीची क्रॉप लेन्स लावल्यावर तो बंदच होत नाही. व्हिडिओत फुल एचडीला फरक जाणवत नाही. 4के ला मात्र मॉडेल बघावं लागतं. उदाहरणार्थ, सोनी ए7 फोर 4के 60 ला तसाही सेन्सरचा मधलाच भाग वापरतो. तिथे क्रॉप लेन्सने नुकसान होत नाही.

लेन्सवरची अक्षरं वाचा

सोनीच्या लेन्सवर 'एफई' असेल तर फुल फ्रेम, नुसतं 'ई' असेल तर क्रॉप. निकॉन झेड मालिकेत 'डीएक्स' म्हणजे क्रॉप. कॅननमध्ये 'आरएफ' फुल फ्रेम, 'आरएफ-एस' क्रॉप. सिग्माची 'डीजी' फुल फ्रेमची, 'डीसी' क्रॉपची. टॅमरॉनच्या मिररलेस लेन्समध्ये 'डीआय थ्री' फुल फ्रेम, तर शेवटी 'ए' जोडलेला असेल तर क्रॉप.

इथे लेन्स बसणारच नाही

कॅनन एम50 वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. त्याच्या ईएफ-एम लेन्स नव्या आर मालिकेवर बसत नाहीत. फुजीच्या एक्स माउंटमध्ये फुल फ्रेम कॅमेराच नाही. म्हणजे दोन्हीकडे कॅमेऱ्याबरोबर लेन्सचाही खर्च धरावा लागतो.

जुन्या डीएसएलआरच्या कॅनन ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॅप्टरने आर मालिकेवर चालतात, पण ईएफ-एस लावली की फुल फ्रेमवर पुन्हा क्रॉप आलाच. निकॉनच्या लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने लागतात. मात्र ज्या जुन्या 'डी' लेन्समध्ये मोटार नाही, त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण काही हाताने फोकस जुळवेपर्यंत थांबत नाही.

पैसे मोजण्याआधी

दुकानात जाताना स्वतःची लेन्स आणि मेमरी कार्ड सोबत न्या. चार फोटो काढा आणि फाइल किती पिक्सेलची आली ते तिथेच बघा. फुल फ्रेमच्या बजेटमध्ये निदान एका वाइड झूमची किंमत धरूनच बेरीज करा.

एक-दोन वर्षांत फुल फ्रेमकडे जायचंच असेल, तर 50, 85 किंवा 70-200 सारख्या लेन्स आजच फुल फ्रेमच्या घ्या. त्या दोन्हीकडे उपयोगी पडतात. वाइड लेन्स मात्र सध्याच्या क्रॉप कॅमेऱ्यापुरती सेकंड हँड घेतली तरी भागतं.

आणि जुना क्रॉप कॅमेरा मिळेल त्या भावात काढून टाकण्याची घाई नको. त्याच्या लेन्ससकट तो दुसरा कॅमेरा म्हणून ठेवला, तर लग्नात ऐनवेळी एक बंद पडला तरी दुसरा हाताशी असतो. लग्न काही परत लागत नाही.