संत्र्याच्या बागेतील छोटा ट्रॅक्टर : गुण, उणिवा आणि निवड

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेला पांढुर्णा व सौंसरचा मुलूख संत्रा आणि कापूस या दोन पिकांवर उभा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले व हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि येथील बोली, शेतीची अवजारे व बागेची पद्धत ही सीमेपलीकडील काटोल, नरखेड, वरूड व मोर्शी या भागांशी आजही एकरूप आहेत. नदीनाल्यांच्या काठी भारी काळी जमीन, तर डोंगराच्या बाजूस हलकी मुरमाड जमीन असे येथील शिवाराचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

या भागात वखर, डवरा, तिफण आणि बैलजोडी यांच्यावर शेती चालत असे. पोळ्याला बैलांची पूजा आजही भक्तिभावाने होते. परंतु चाऱ्याची टंचाई, सालदार मिळण्याची अडचण आणि बैलांच्या वाढत्या किमती यांमुळे गोठ्यातील जोड्या कमी होत गेल्या. त्यांची जागा कोणी घ्यावी, हा प्रश्न दोन-तीन हेक्टरच्या शेतकऱ्यापुढे उभा आहे. मोठा ट्रॅक्टर त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि बागेत शिरतही नाही. म्हणून १५ ते ३० अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरकडे त्याचे लक्ष वळले आहे. कर्ज काढून घेतलेले हे यंत्र उपयोगी पडले नाही, तर बागेचे उत्पन्न हप्त्यांतच जाते. यासाठी खरेदीपूर्वी त्याचे गुण व उणिवा नीट तोलून पाहणे आवश्यक आहे.

ट्रॅक्टर निर्मितीची पार्श्वभूमी

भारतात ट्रॅक्टर बनविण्याचा आरंभ १९५९ साली फरिदाबाद येथे आयशर कारखान्यात झाला. दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आखलेला, संपूर्ण भारतीय रचनेचा स्वराज ट्रॅक्टर १९७४ मध्ये पंजाबात तयार होऊ लागला. तो २६.५ अश्वशक्तीचा होता. पुढे शेतकऱ्यांची मागणी ३५ ते ५० अश्वशक्तीच्या यंत्रांकडे वळली व त्या काळचे लहान ट्रॅक्टर मागे पडले. फळबागा व आंतरमशागत यांची गरज ध्यानी घेऊन कारखान्यांनी अलीकडे पुन्हा अरुंद व हलके ट्रॅक्टर बाजारात आणले आहेत. आजचा छोटा ट्रॅक्टर हा केवळ मोठ्या ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती नव्हे. त्याची रुंदी, उंची व वजन ही दोन ओळींमधील कामासाठी मुद्दाम बेतलेली असतात.

बागेतील मोजमाप

नागपुरी संत्र्याची लागवड सामान्यतः ६ × ६ मीटर अंतरावर करण्यात येते. या हिशेबाने एका हेक्टरमध्ये सुमारे २७७ झाडे बसतात. झाड पूर्ण वाढले म्हणजे त्याचा घेर साडेचार मीटरपर्यंत जातो. तेव्हा दोन ओळींमध्ये मोकळी जागा उरते ती दीड मीटर. फळे भरली की फांद्या खाली वाकतात, त्यांना बांबूचे टेके द्यावे लागतात आणि ही वाट आणखी अरुंद होते. चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. असा ट्रॅक्टर बागेत घातला तर फांद्या मोडतात व फळे गळतात. छोट्या ट्रॅक्टरची रुंदी जातीनुसार एक ते सव्वा मीटर असते व त्याला वळण्यासही थोडी जागा पुरते. बागाईतदार त्याला पसंती देतात याचे हे पहिले व सर्वांत ठळक कारण होय.

दुसरे कारण वजनाचे आहे. संत्र्याची अन्न शोषणारी तंतुमुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूटभर थरात असतात. भारी काळ्या जमिनीत निचरा आधीच कमी असतो. तीवरून दोन टनांचे यंत्र वारंवार गेल्यास माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी साचते आणि मूळकूज व डिंक्या या रोगांना अनुकूल स्थिती निर्माण होते. सात-आठशे किलो वजनाच्या ट्रॅक्टरने हा धोका कमी होतो. मात्र तो नाहीसा होत नाही. वाफसा आल्याशिवाय कोणतेही यंत्र बागेत नेऊ नये, हा नियम छोट्या ट्रॅक्टरलाही लागू आहे.

तिसरे कारण फवारणीचे. काळी माशी, सिल्ला, कोळी यांसारख्या किडींसाठी संपूर्ण झाड आतून-बाहेरून भिजावे लागते. पी.टी.ओ. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मागील फिरत्या दांड्यावर पंप जोडला म्हणजे कामाला गती येते, दाब सारखा राहतो व किडीचा काळ हातचा जात नाही. या कामास थोडी शक्ती पुरते.

जो गुण, तोच दोष

छोट्या ट्रॅक्टरविषयी मालकांमध्ये दोन टोकांची मते ऐकू येतात. बागाईतदार त्याची स्तुती करतो, तर कापूस, तूर व गहू घेणारा शेतकरी तो नांगराला ओढत नाही अशी तक्रार करतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे व दोहोंचे मूळ एकच आहे. ट्रॅक्टरची ओढ केवळ इंजिनाच्या अश्वशक्तीवर अवलंबून नसते. मागील चाकांवर किती वजन पडते व ती मातीला किती घट्ट धरतात, यावर ती ठरते.

एक साधे उदाहरण पाहावे. ३० सेंटिमीटर रुंदीचा एक फाळ २० सेंटिमीटर खोल चालविला तर ६०० चौरस सेंटिमीटर माती कापावी लागते. कडक काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलो विरोध धरल्यास ३६० किलोची ओढ लागते. ताशी ४ किलोमीटर वेगाने हे काम करण्यास प्रत्यक्षात साडेपाच अश्वशक्तीही लागत नाही. म्हणजे १५ अश्वशक्तीच्या इंजिनात शक्ती पुरेशी आहे. पण ८०० किलोच्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर पाचशे-साडेपाचशे किलो भार असतो आणि मोकळ्या मातीत त्याच्या निम्म्याच्या आसपासच ओढ मिळते. ती अडीचशे-पावणेतीनशे किलोच्या पलीकडे सहसा जात नाही. परिणामी चाके जागच्या जागी फिरतात, टायर झिजतात, डिझेल जळते आणि नांगर पुढे सरकत नाही.

ज्या हलकेपणामुळे संत्र्याची मुळे वाचतात, त्याच हलकेपणामुळे नांगरटीत हार खावी लागते. चाकांत पाणी भरून अथवा लोखंडी वजने लावून पकड काहीशी वाढविता येते. परंतु मग माती दबण्याचा तोटा परत येतो. चारही चाकांना गती देणारा ट्रॅक्टर घेतल्यास सगळे वजन ओढीच्या कामी येते व उतारावरही आधार मिळतो. त्याची किंमत व दुरुस्ती मात्र अधिक असते.

यावरून कामांची वाटणी करता येते. वखरणी, उथळ रोटाव्हेटर, फवारणी, आळ्यांपर्यंत शेणखत पोचविणे आणि बागेतून फळे बाहेर काढणे ही छोट्या ट्रॅक्टरची कामे होत. उन्हाळी खोल नांगरट व दूरची अवजड वाहतूक ही त्याची कामे नव्हेत. कापसातील डवरणी पऱ्हाटी लहान असेपर्यंतच त्याने करावी. झाड गुडघ्याच्या वर गेले की ते यंत्राच्या पोटाखाली मोडते. तेथे बैलाच्या डवऱ्याला अजूनही तोड नाही.

रोटाव्हेटरचा मोह

छोट्या ट्रॅक्टरबरोबर रोटाव्हेटर घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. एका फेरीत तण नाहीसे होते व जमीन भुसभुशीत दिसते, यामुळे तो वारंवार चालविला जातो. संत्र्याच्या बागेत ही सवय घातक ठरू शकते. पाती खोल गेली तर तंतुमुळे तुटतात आणि तुटलेल्या मुळांच्या जखमांतून रोगजंतू आत शिरतात. एकाच खोलीवर पुन्हा पुन्हा पाती फिरल्याने खाली कठीण थर बनतो व पावसाचे पाणी मुरण्यास अडथळा होतो. म्हणून बागेत रोटाव्हेटर आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा खोल लावू नये, झाडाच्या घेराखाली नेऊ नये आणि शक्य तेथे तण कापून त्याचेच आच्छादन करावे. झाडाजवळची मशागत हातानेच करणे श्रेयस्कर आहे.

खर्चाचा हिशेब

डिझेलच्या बाबतीत छोटा ट्रॅक्टर काटकसरी आहे. तथापि मालकाचा खरा खर्च डिझेलवर ठरत नाही. वर्षातून यंत्र किती तास चालते, यावर तो ठरतो. उदाहरणादाखल ट्रॅक्टरची किंमत ४ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे व शेवटी मिळणारी किंमत दहा टक्के धरली, तर घसारा वर्षाला ३६,००० रुपये होतो. सरासरी गुंतवणुकीवर दहा टक्क्यांनी सुमारे २२,००० रुपये व्याज आणि विमा, निवारा इत्यादींसाठी ८,००० रुपये धरावे. एकूण ६६,००० रुपये हा खर्च यंत्र उभे असले तरी होतोच. ते वर्षाला २०० तास चालले तर तासाला ३३० रुपये पडतात. ६०० तास चालले तर ११० रुपये. डिझेल, वंगण, दुरुस्ती व चालकाची मजुरी यांहून वेगळी धरावयाची.

आता तीन हेक्टरच्या बागेत काम किती निघते ते पाहू. एक मीटर रुंदीच्या रोटाव्हेटरने हेक्टरला साधारण साडेचार तास लागतात. वर्षातून पाच वेळा मशागत केली तरी तास होतात सुमारे ६८. सहा फवारण्यांना हेक्टरी तीन तासांप्रमाणे ५४ तास व वाहतुकीला आणखी ५० तास धरले, तर एकूण बेरीज १७० च्या आसपास येते. अर्थात केवळ स्वतःच्या तीन हेक्टरांसाठी ट्रॅक्टर घेणे महागात पडते. दोघा-तिघा भावांनी अथवा शेजाऱ्यांनी मिळून घेतला, किंवा गावात भाड्याने चालविला, तर हिशेब जमतो. भागीदारी करताना फवारणीच्या दिवसांचा क्रम व दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी आधी लिहून ठेवावी. कीड सर्वांच्या बागेत एकाच वेळी येते आणि वादही त्याच आठवड्यात होतात.

खोल नांगरटीसाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने घेणे हेच हितावह आहे. भाडेतत्त्वावर अवजारे पुरविणाऱ्या केंद्रांची योजना मध्य प्रदेशात राबविली जाते. तिचा या कामी उपयोग करून घ्यावा.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

जाहिरातीतील अश्वशक्ती ही इंजिनाची असते. अवजाराला मिळणारी शक्ती त्याहून कमी असते. सिहोर जिल्ह्यातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांची तपासणी करून अहवाल देते. पी.टी.ओ.वरील शक्ती, प्रत्यक्ष ओढ, डिझेलचा खप, वजन व ब्रेक यांची मोजमापे त्यात असतात. विक्रेत्याकडे या अहवालाची मागणी करावी व कृषी विस्तार अधिकाऱ्याकडून तो समजून घ्यावा.

याखेरीज पुढील बाबी स्वतः तपासाव्यात. बागेतील सर्वांत अरुंद ओळ टेप लावून मोजावी व चाकांच्या बाहेरील अंतराशी ताडून पाहावी. धुराड्याची नळी फांद्यांना अडणार नाही अशी खाली वळविलेली आहे काय, हे पाहावे. एका सिलिंडरचे इंजिन दुरुस्तीस सोपे असते, पण हादरे अधिक देते. दिवसभर फवारणी करणाऱ्याने याचा विचार करावा. सुटे भाग व जाणकार मिस्त्री तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, की प्रत्येक वेळी नागपूर अथवा छिंदवाडा गाठावे लागते, याची चौकशी करावी. मृग किंवा आंबिया बहाराच्या ऐन हंगामात आठ दिवस यंत्र बंद पडणे म्हणजे फवारणी चुकणे होय. शक्य झाल्यास विक्रेत्याला ट्रॅक्टर आपल्या शेतात आणावयास सांगून, आपल्याच अवजारावर, आपल्याच मातीत चालवून पाहावा.

सुरक्षितता

अरुंद ट्रॅक्टर उतारावर लवकर कलंडतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांत ही गोष्ट विसरून चालणार नाही. संरक्षक कमान व आसनाचा पट्टा यांचा वापर करावा. भरलेली ट्रॉली उतारावर हलक्या ट्रॅक्टरला पुढे ढकलते. म्हणून संत्र्याच्या पेट्या बेताने भराव्यात आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच जोडावी. वर जोडल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. फिरत्या दांड्यावरील आवरण काढू नये. धोतराचा सोगा, पदर वा दुपट्टा त्यात अडकून प्राणघातक अपघात होतात. मडगार्डवर मुलांना बसवून शेतात नेण्याची रीत तर अजिबात बंद झाली पाहिजे. गावातील शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी.

समारोप

छोटा ट्रॅक्टर चांगला की वाईट, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. संत्र्याच्या ओळीत तो उपयुक्त सोबती आहे. भारी काळ्या रानातील खोल नांगरटीत तो अपुरा आहे. जो शेतकरी त्याच्याकडून मोठ्या ट्रॅक्टरचे काम मागतो, तो निराश होतो. जो बागेची ओळ, वर्षाचे तास व जमिनीचा प्रकार मोजून मगच कर्जाच्या अर्जावर सही करतो, त्याला सहसा पश्चात्ताप करावा लागत नाही.