जमखंडीत दिसलेली पिवळी रेघ

हेलियमचा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावर लागला, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा छापून आलंय की त्यावर शंका घेणारा माणूसच वाईट दिसतो. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात, १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. पण तारखा लावून बघितल्या की गणित जुळत नाही. नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गला आला तो जानेवारी १८९८ मध्ये, त्या वर्षीच्या २२ जानेवारीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला तो हिंदुस्थानात नव्हताच. आणि १८९८ पर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती.

मग १८६८ च्या ग्रहणाचा आपल्या मुलखाशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. फक्त तो विजयदुर्गात नाही, जमखंडीत आहे.

त्या दिवशी ग्रहणाचा खग्रास पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून विजापूर, जमखंडी, गुंटूर करत मछलीपट्टणकडे गेला. गुंटूरला फ्रान्सचा झान्सेन आणि इंग्रजांचा मेजर टेनंट होता, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात उतरला होता लेफ्टनंट जॉन हर्शेल. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला हा अधिकारी म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच्याकडे वर्णपटदर्शक दिला होता. ऑगस्ट महिना, त्यामुळे ढग आडवे आलेच. पण मधल्या उघडिपीत सूर्याच्या कडेवरची लाल ज्वाला त्याने पकडली आणि तिच्या प्रकाशात तीन ठळक रेघा बघितल्या: एक तांबडी, एक नारिंगी-पिवळी आणि एक निळी.

या रेघा म्हणजे काय, हे समजलं तर पुढचं सगळं समजतं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. वितळलेल्या लोखंडाचा नमुना घेतात, छोटी चकती ओततात, ती घासून स्पेक्ट्रोवर ठेवतात. ठिणगी पडते आणि मिनिटभरात कार्बन किती, सिलिकॉन किती, मॅंगनीज किती ते पडद्यावर येतं. यंत्र धातूची चव घेत नाही, ठिणगीचा उजेड बघतं. प्रत्येक मूलद्रव्याचा तापलेला वायू ठरावीक रंगांचाच प्रकाश देतो. प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून पसरवला की ते रंग बारीक रेघा होऊन दिसतात, आणि दोन मूलद्रव्यांच्या रेघांचा संच कधी सारखा नसतो. घरचं उदाहरण पाहिजे तर, मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की ज्योत पिवळी होते. ती सोडियमची रेघ.

ताऱ्याच्या बाबतीत एक फरक आहे. आतून येणारा अखंड रंगपट्टा वरच्या, त्या मानाने थंड वायूतून बाहेर पडतो. तो वायू आपापल्या रंगांचा प्रकाश गिळतो, म्हणून रेघा उजळ न दिसता काळ्या दिसतात. फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सूर्यप्रकाशात अशा पाचशेहून जास्त काळ्या रेघा मोजल्या होत्या. त्या मूलद्रव्यांच्या सह्या आहेत, हे हायडेलबर्गमध्ये किर्शहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवलं.

आता हर्शेलची पिवळी रेघ. त्याने मोजमाप करून ती सोडियमची ठरवली. चूक म्हणावी तर मोठी नाही, कारण सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत आणि ही होती ५८७.६ वर. डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्या रंगपट्ट्याची लांबी तीनशेच्या आसपास धरली, तर हा फरक साधारण दोनशेवा हिस्सा. ढग, घाई आणि हातातलं तेव्हाचं यंत्र, एवढ्यावर तो पकडणं कठीणच.

गुंटूरला झान्सेनच्या लक्षात आलं की या रेघा इतक्या ठळक आहेत की ग्रहण नसतानाही दिसाव्यात, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तसं करून दाखवलं. लंडनमध्ये लॉकियरने २० ऑक्टोबरला, हिंदुस्थानात न येता, स्वतंत्रपणे तेच साधलं. आता घाई नव्हती, रोज मोजता येत होतं. पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसत नाही, हे पक्कं झालं. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडलं. १८९५ मध्ये विल्यम रॅमसेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ मिळाली, तेव्हा वाद मिटला.

इथे एक प्रश्न येतो. सूर्यात वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, मग फ्राउनहोफरच्या काळ्या रेघांत तो का दिसला नाही? कारण हेलियमच्या अणूला दिसणारी रेघ उमटवायला फार ऊर्जा लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा, तेवढ्याने ते भागत नाही. वरच्या जास्त तापलेल्या थरात आणि ज्वालांतच ती उमटते. म्हणजे रेघ ठळक म्हणून द्रव्य भरपूर, असा सरळ हिशेब चालत नाही, तापमान धरावं लागतं. ते कसं धरायचं याचं सूत्र मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिलं. ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. तेव्हाच्या ज्येष्ठांना ते पटलं नाही. हेन्री रसेल यांच्या सल्ल्यावरून पेननी आपलाच निष्कर्ष खरा नसावा असं लिहिलं. चार वर्षांनी रसेलनीच तो मान्य केला.

घटक कळले की कूळ शोधता येतं. लोखंडासारखी जड द्रव्यं ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत तयार होतात आणि पुढच्या पिढीच्या ढगात मिसळतात. म्हणून ज्या ताऱ्यात लोखंड कमी, तो साधारणपणे जुन्या पिढीचा. शौरी तारकासमूहातल्या एम ९२ या गोलाकार तारकागुच्छात लोखंडाचं प्रमाण सूर्याच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकंच आहे. त्याचं वय बारा अब्ज वर्षांहून जास्त धरतात. कृत्तिकांत ते जवळपास सूर्याइतकं, कारण त्या अवघ्या दहा कोटी वर्षांच्या आसपासच्या. एका गुच्छातले तारे एकाच ढगातून जन्मलेले, त्यामुळे त्यांचं लोखंड सहसा सारखं निघतं. नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरीत मात्र ते ताऱ्यागणिक बरंच वेगळं आहे. म्हणून तो मूळचा गुच्छ नसून आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचा गाभा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

रेघा जागेवरून किती सरकल्या यावरून वेगही मिळतो. रोहिणीचा तांबूस तारा भोवतीच्या हायडीज या ताऱ्यांच्या थव्यातलाच वाटतो. पण तो सेकंदाला सुमारे ५४ किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जातोय, आणि थवा सुमारे ४० ने. अंतरंही वेगळी: रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, थवा दीडशेवर. एका जागी दिसतात म्हणून एका घरचे, असं होत नाही.

विजयदुर्गचं महत्त्व याने कमी होत नाही. १८९८ ची मोहीम खरी आहे, आणि त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला जेऊरला गेले होते, हेही अभिमानाने सांगण्यासारखं आहे. पण उद्या जमखंडीत आपल्यापैकी कोणी पाटी लावायला निघालं, तर तिच्यावर 'हेलियमचा शोध इथे लागला' असं कृपा करून लिहू नका. एवढंच लिहा: '१८ ऑगस्ट १८६८ रोजी लेफ्टनंट जॉन हर्शेलने इथून सूर्यज्वालेतली पिवळी रेघ पाहिली. ती सोडियमची समजली गेली. पुढे ती हेलियमची निघाली.' एवढं पुरे आहे, आणि ते खरं आहे.