बांधणे आणि शिवणे : डोक्याच्या मापाचा विचार

डोक्यावर घालण्याच्या वस्तूंचे, घडणीच्या दृष्टीने पाहिले तर, दोन मुख्य वर्ग पडतात. दर वेळी डोक्यावरच घडवली जाते ती बांधीव वस्तू, आणि एकदाच घडवून पुढे नुसती डोक्यावर ठेवली जाते ती घडीव. युरोपातील हॅट दुसऱ्या वर्गातली आहे. लोकर किंवा प्राण्यांचे केस दाबून केलेला नमदा वाफेने मऊ करून लाकडी ठोकळ्यावर ताणला जातो आणि थंड झाल्यावर तो ठोकळ्याचाच आकार धरून राहतो. महाराष्ट्रात मात्र दीर्घकाळ पहिल्या वर्गाचे प्राबल्य होते, आणि त्याकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास सोलापूरच्या परिसरात विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

फेटा, पटका, रुमाल, मुंडासे ही सारी बांधीव शिरोवस्त्रे होत. रुमाल म्हणजे चौरस कापड, जे कर्णावर दुमडून गुंडाळले जाते. फेटा म्हणजे लांब पट्टा, ज्याची लांबी सामान्यतः ८ मीटरच्या आसपास आणि रुंदी सुमारे १ मीटर असते. बांधण्यापूर्वी कापड लांबीच्या दिशेने चुण्या घालून आवळले जाते, एक टोक पाठीवर शेमला म्हणून सोडले जाते, दुसऱ्याचा तुरा काढला जातो आणि मधल्या भागाचे फेरे एकमेकांना छेदत तिरके दिले जातात. या छेदण्यातच फेट्याच्या पक्केपणाचे रहस्य आहे. सरळ, समांतर फेरे घसरतात, तर तिरके फेरे परस्परांना जखडून ठेवतात. ताण कपाळावर आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली द्यायचा आणि माथ्यावर कापड सैल ठेवायचे, असा बांधणाराचा हिशोब असतो. परिणामी डोके लांबट असो वा गोल, मापाचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण माप घेणे आणि वस्तू घडवणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. सांगोला, माळशिरसच्या माळरानावर मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराच्या डोक्यावरील जाड मुंडासे उन्हाळ्यात, जेव्हा सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे उन्हाची झळ रोखते आणि घामही शोषते.

हेच तत्त्व सोलापूरकरांच्या परिचयाच्या आणखी एका वस्त्रात दिसते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे भाविक जी पांढरी बाराबंदी घालतात, ती गुंड्यांऐवजी बंदांनी बांधली जाते. अंग बारीक असो वा भरलेले, बंद सैल किंवा घट्ट करून तीच बाराबंदी बसते. नंदीध्वजांना बांधले जाणारे बाशिंगही, विवाहातील बाशिंगाप्रमाणेच, दोरीने बांधायचे असल्यामुळे मापाच्या बंधनातून मुक्त आहे.

बांधीव वस्तू घडीव झाली ती पगडीच्या रूपाने. पगडबंद, म्हणजे पगड्या बांधणारा कारागीर, तलम कापडाला पीळ देऊन त्याचे थर बसवतो आणि टाक्यांनी पक्के करतो. एकदा तयार झालेली पगडी रोज सोडावी वा बांधावी लागत नाही. माथा, कोका आणि चोच अशी तिच्या भागांना स्वतंत्र नावे आहेत. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, यावरून तिच्या आकाराला आलेली निश्चितता लक्षात येते. परंतु या निश्चिततेची किंमत अशी, की पगडी ज्याच्या मापाने घडली त्याच्याच डोक्यावर ती नीट बसते.

गांधी टोपीने हा प्रवास पूर्ण केला. भुवयांच्या किंचित वर आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फीत फिरवून जो घेर मिळतो, तोच इंचांत टोपीचा नंबर होतो. २२ नंबरची टोपी म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर घेर. खादी धुतल्यावर आटते, म्हणून न धुतलेल्या कापडाची टोपी किंचित सैल घेणे हिताचे ठरते. रुमालाच्या बांधणीतून गाव, जात, व्यवसाय यांचा अंदाज येत असे. टोपीने ते सारे एका आकारात बसवले आणि तिचा एकसारखेपणा हेच तिचे बळ ठरले. मात्र तोच एकसारखेपणा तिला दुरून ओळखण्याजोगी करीत होता. मे १९३० मध्ये सोलापुरात गोळीबार आणि ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाल्यावर १२ मेपासून लष्करी कायदा लागू झाला, आणि त्या काळात गांधी टोपी घालून रस्त्यावर येणाऱ्यांना त्रास व अपमान सोसावा लागला. याच उठावाच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

स्त्रियांच्या परंपरागत पोशाखात टोपीला स्थान नव्हते. पदर हेच त्यांचे शिरोवस्त्र, आणि तोही बांधीव वस्त्राप्रमाणे मापाविना बसणारा. अलीकडे शोभायात्रांतून आणि लग्नांतून स्त्रियाही फेटा बांधू लागल्या, तेव्हा केशरचनेमुळे बांधणीचा नवा प्रश्न उभा राहिला. अंबाडा मानेजवळ असेल तर मागचे फेरे त्याच्या वरून घेता येतात; तो उंच असेल तर फेरे त्याच्याभोवती फिरवावे लागतात आणि ताणाचे गणित बदलते, शिवाय तेल लावलेल्या केसांवर कापड घसरते, म्हणून पिनांचा आधार घ्यावा लागतो. तयार शिवलेला फेटा, जो आतल्या टोपीवर कायमचा बसवलेला असतो, पुरुषांना सोयीचा वाटला तरी अंबाड्याशी त्याचे जुळत नाही.

तयार फेट्यामुळे बांधणाऱ्याची वाट पाहण्याचा वेळ वाचतो, परंतु फेट्याचा मूळ गुण, म्हणजे कोणत्याही डोक्याशी जुळवून घेण्याची क्षमता, त्यात उरत नाही. म्हणूनच मंगल कार्यालयाच्या दाराशी पाहुण्यांना ओळीने फेटे बांधणारा कारागीर अजून टिकून आहे. समोर येणाऱ्या प्रत्येक डोक्याचे माप तो फितीविना, हातातल्या कापडाच्या ताणावरून घेत असतो.