मधल्या दिवसांतील डाग

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत वस्त्रावर रक्ताचा पुसट डाग दिसला, कीं स्त्री मनांत दचकते आणि संकोचानें गप्प राहते. वास्तविक कारण पुष्कळदां साधें असतें. पुढील पाळीच्या सुमारें १४ दिवस आधीं स्त्रीबीज सुटतें. त्या वेळीं अंतःस्रावांत चढउतार होऊन किंचित् रक्त दिसूं शकतें. गर्भनिरोधक गोळ्यांचे पहिले ३ महिने किंवा नुकतीच बसविलेली तांबी, हींहि नित्याचीं कारणें होत. परंतु पाळी कायमची गेल्यावर, गर्भारपणांत वा समागमानंतर रक्त दिसल्यास, अथवा डाग वारंवार पडल्यास तपासणी अवश्य करावी. १९६३ सालीं स्थापन झालेल्या सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत ती सोय आहे. मौनांत कुढण्यापेक्षां विचारून निर्धास्त होणें केव्हांहि श्रेयस्कर.