शिरोरेखा मोडली की काना?

घरची यंत्रे : लेखांक १२

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना यंदा चॉकलेटी अक्षरांत लागली. ‘शाई संपत आली असणार,’ असे म्हणत सचिवांनी काळ्या शाईची नवी बाटली मागवलीसुद्धा. मी प्रिंटर पाहिला, तर काळी टाकी निम्म्याहून जास्त भरलेली. त्या कागदावर काळ्या शाईचा एक थेंबही पडलेला नव्हता.

रंगीत इंकजेटमध्ये सहसा चार शाया असतात: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पहिल्या तीन एकत्र केल्या की काळा रंग व्हायला हवा, पण प्रत्यक्षात होतो तो गढूळ तपकिरी, नाहीतर हिरवट. म्हणून तर चौथी टाकी. घराघरांतल्या बऱ्याच प्रिंटरांत ही काळी शाई जातीनेच वेगळी असते. रंगीत शाया पाण्यात विरघळलेल्या, त्या कागदात मुरतात. काळीत मात्र काजळीसारखे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ते साध्या कागदावर वरच्या वर बसतात, म्हणून अक्षर ठसठशीत उमटते. गुळगुळीत फोटो पेपरवर हेच कण धरत नाहीत, बोट लागले की पुसतात. तेव्हा सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी फोटो’ असेल, तर असा प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवतो आणि तीन रंग कालवून काळे तयार करतो. सचिवांच्या मुलीने आदल्या रविवारी पासपोर्ट फोटो छापले होते आणि ते सेटिंग तसेच राहिले होते. ‘प्लेन पेपर’ निवडले आणि सूचना काळीभोर आली. बाटली आता कपाटात आहे.

तुमच्याकडे असे झाल्याची शंका असेल, तर भिंग घेऊन अक्षराची कड पाहा. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले की ते कालवलेले काळे. पाण्याच्या थेंबाची परीक्षाही करतात, पण काही मॉडेलांत काळी शाईदेखील विरघळणारीच असते आणि तीही फुटते, त्यामुळे मला भिंगच बरे वाटते.

काळी शाई पडते आहे आणि तरी अक्षर बिघडले आहे, असे असेल तर आपल्या लिपीचा मोठा फायदा आहे. प्रिंटरचे हेड कागदावरून डावी-उजवीकडे फिरते. त्याच्या पोटाशी केसाहून बारीक छिद्रांची रांग असते आणि प्रत्येक छिद्र आपली एक आडवी ओळ रंगवत जाते. एखादे छिद्र वाळलेल्या शाईने बुजले, तर कागदभर एक आडवी पांढरी रेघ राहते. ती शिरोरेखेवर आली की शिरोरेखा बारीक होते, आणि लगतची दोन-तीन छिद्रे बुजलेली असली तर ती गायबच होते. ‘बंद’चे ‘बद’ होते तेही यातूनच. हा दोष ‘नोझल चेक’च्या पानावर लगेच कळतो. मात्र नेहमीची छपाई ‘हाय क्वालिटी’वर असेल, तर हेड त्याच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरून उणीव झाकते आणि दुखणे वाढेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

इलाज म्हणजे हेड क्लीनिंग. ते दोनदा करावे, फार तर तीनदा, आणि मग प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा पाहावे. लोक मात्र हे बटण मंदिराच्या घंटेसारखे वाजवत बसतात. प्रत्येक क्लीनिंगला शाई खर्च होते आणि ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत जाते. ती गादी भरली की प्रिंटर छापायलाच नकार देतो.

छिद्रे बुजण्याचे एक घरगुती कारण सांगतो. आपण प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डाचे बटण दाबून बंद करतो. प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबले, तर हेड कडेला जाऊन रबरी झाकणावर विसावते. मध्येच वीज तोडली, तर ते उघडेच राहू शकते आणि मे महिन्यात त्याचे काय होते ते सांगायला नको. सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान छापावे.

आता काना. शिरोरेखा सलग आहे, पण उभा काना जिन्यासारखा खाली उतरतो आहे किंवा दुहेरी दिसतो आहे, तर छिद्रांचा काही दोष नाही. वेग वाढवण्यासाठी हेड जातानाही छापते आणि परततानाही. या दोन फेऱ्यांचा मेळ चुकला की काना मोडतो. इथे क्लीनिंग कितीही करा, शाईच जाईल. ‘हेड अलाइनमेंट’ करावे. घाई असेल तर ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ची खूण काढावी, वेळ जास्त लागेल, पण काना सरळ येईल.

एक पथ्य. पान आडवे, म्हणजे लँडस्केप छापले असेल, तर सगळे उलटे वाचायचे. कागद आत उभाच सरकतो आणि अक्षरे आडवी झोपलेली असतात, त्यामुळे मोडलेला काना छिद्रांची तक्रार सांगतो आणि शिरोरेखा अलाइनमेंटची. मी स्वतः यात एकदा फसून अर्धी टाकी रिकामी केली आहे.

अक्षर नुसतेच फिके असेल, तर आधी ‘ड्राफ्ट’ चालू नाही ना ते पाहा. मग मजकूर कुठून आला ते पाहा. वेबसाइटवरचा मजकूर पुष्कळदा काळा नसून गडद करडा असतो आणि प्रिंटर तो इमानाने ठिपक्या-ठिपक्यांत उतरवतो. मोबाइलने स्कॅन केलेला सातबारा तर प्रिंटरच्या लेखी अक्षरे नव्हेतच, तो फोटो आहे. स्कॅन करतानाच ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडले तर बरेच काम होते.

पुढच्या आठवड्यात : एका वेळी दोन-दोन कागद ओढणारे रबरी रूळ.