लॅपटॉपवर चहा सांडला तर

लॅपटॉपवर सांडलेल्या साध्या पाण्यापेक्षा दूध-साखरेचा चहा जास्त घातक ठरतो. पाणी उडून जाते, पण साखर आणि दुधाचा चिकट थर मदरबोर्डवर तसाच राहतो, हवेतला ओलावा धरतो आणि दोन टाके एकमेकांना जोडून टाकतो. खरी हानी मात्र वीज करते. ओल्या बोर्डातून प्रवाह वाहत राहिला की तांब्याच्या रेषा गंजून खाल्ल्या जातात. सांडल्या दिवशी नीट चाललेला लॅपटॉप आठवड्याने अचानक बंद पडतो तो यामुळेच.

म्हणून आधी वीज तोडायची. चार्जर काढावा आणि पॉवरचे बटण स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरावे. उघडलेली फाइल सेव्ह करत बसू नये. बॅटरी निघणारी असेल तर काढावी. मग लॅपटॉप उघडाच, कीबोर्ड खाली करून तंबूसारखा उभा ठेवावा, म्हणजे द्रव आत न झिरपता बाहेर पडतो. ‘चालू होतो का बघू’ हा मोह सर्वांत महाग पडतो. हेअर ड्रायर किंवा मे महिन्यातले कडक ऊनही टाळावे. उष्णतेने प्लास्टिक वाकते आणि चहाचा थर आतच पक्का होतो. तांदळाच्या डब्याचा उपाय निरुपयोगी आहे, कारण तांदूळ साखर शोषत नाही. शक्य तर त्याच दिवशी लॅपटॉप खोलून घ्यावा. कारागीर बोर्ड बाहेर काढतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने धुतो. वेळेवर झालेली ही धुलाई नव्या बोर्डापेक्षा फार स्वस्त पडते.

लॅपटॉप पडला असेल तर गणित वेगळे. स्क्रीनवर रेघा दिसल्या किंवा ती काळी पडली तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले तर बोर्ड बहुधा शाबूत असतो. दोष पॅनेलमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये असतो. नवे पॅनेल मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नये. पॅनेलच्या पाठीवर छापलेला क्रमांक जुळवावा, कारण एकाच मॉडेलमध्ये 30 आणि 40 पिनांची निराळी पॅनेल निघतात. बिजागरी तुटली असेल तर झाकणाची उघडमीट लगेच थांबवावी. स्क्रू धरणारे पितळी नट प्लास्टिकमधून उखडलेले असतात आणि प्रत्येक उघडणीला स्क्रीनची केबल ओढली जाते.

परभणी जिल्ह्यातले मानवत ही कापसाची बाजारपेठ. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारा तंतू लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसतो आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर नमद्यासारखा थर धरतो. हा अपघात नव्हे, पण बंद पडलेल्या लॅपटॉपमागे अनेकदा हेच निघते. वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, आतली सफाई करून घ्यावी. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवून अर्थिंग तोडण्याची सवय तर सोडायलाच हवी. चार्जर जळाल्यास बदली चार्जरचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच असावेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

लॅपटॉप दुकानात देण्याआधी माहितीचा विचार करावा, आणि या बाबतीत हयगय फार होते. ‘आपले सरकार’सारखे सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये तर गावभरच्या लोकांचे आधार, दाखले आणि बँकेचे कागद असतात. एसएसडी सुटी निघत असेल तर ती काढून घरी ठेवावी. डिजिटल सहीचे टोकन तर लॅपटॉपसोबत कधीच पाठवू नये. मदरबोर्ड बदलला की विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच उतरवून ठेवली नाही आणि खातेही हाती नसेल, तर एसएसडी धडधाकट असूनही फाइली कायमच्या गेल्या.

कंपनीची नेहमीची वॉरंटी निर्मितीतल्या दोषांपुरती असते. पडणे आणि सांडणे तिच्यात येत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे पैसे भरून, सहसा खरेदीच्या वेळीच घ्यावे लागते. तालुक्याच्या गावी आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा: तंत्रज्ञ घरी येणार की लॅपटॉप केंद्रात न्यावा लागणार, आणि घरपोच सेवा आपल्या पिनकोडवर मिळते का? नाहीतर परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खेपा ठरलेल्या. वॉरंटी संपली असेल तर चिप लेव्हलचे काम करणारा कारागीर शोधावा. तो जळालेला एकच घटक बदलतो, तिथे अधिकृत केंद्र अनेकदा आख्खा बोर्ड बदलायला सांगते. दुरुस्तीचा अंदाज जुन्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर नवा घेणेच बरे.

लॅपटॉप सोपवताना पावतीवर अनुक्रमांक, बिघाड, खर्चाचा अंदाज आणि परत देण्याची तारीख लिहून घ्यावी. बदललेला जुना भाग परत मागावा. सेवेत त्रुटी राहिली आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार परभणीच्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते.