गोगलगाय, चाबूक आणि संविधान : एका जुन्या व्यंगचित्राचे शालेय वर्गातील अध्यापन

प्रास्ताविक :
इतिहासाच्या अध्यापनात व्यंगचित्राचा साधन म्हणून उपयोग करावा, असे अध्यापनपद्धतीच्या पुस्तकांतून सांगितले जाते. तथापि जुने व्यंगचित्र लहान मुलांसमोर ठेवले असता त्यांना त्यात नेमके काय दिसते, याचा विचार अभावानेच होतो. प्रस्तुत लेखात शंकर पिल्लई यांच्या १९४९ मधील एका व्यंगचित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. ते चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. येथे विचार आहे तो सहावी-सातवीच्या मुलांचा.

चित्र आणि वाद :
'शंकर्स वीकली'मध्ये २८ ऑगस्ट १९४९ रोजी हे चित्र प्रसिद्ध झाले. संविधानरूपी गोगलगाईवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाबूक घेऊन बसले आहेत. मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत आणि लोक हे दृश्य पाहत आहेत. संविधाननिर्मितीतील विलंब हा चित्राचा विषय. एनसीईआरटीच्या २००६ च्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ते समाविष्ट झाले. ११ मे २०१२ रोजी संसदेत त्यावरून गदारोळ झाला. मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन समिती नेमली गेली. समितीचे सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र भिन्नमत नोंदविले.

दोन्ही चाबूक गोगलगाईसाठीच आहेत, असे चित्राच्या समर्थकांचे म्हणणे होते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. उन्नमती श्याम सुंदर यांच्या 'नो लाफिंग मॅटर' (२०१९) या ग्रंथात १९३२ ते १९५६ या काळातील बाबासाहेबांवरील शंभराहून अधिक व्यंगचित्रे संकलित आहेत. ती ओळीने पाहिली म्हणजे १९४९ चे हे चित्र एकटे राहत नाही. पाठीमागे उगारलेला चाबूक पाहून ज्या घरातील मुलाला आजोबांनी सांगितलेले आठवते, त्याला शेजारच्या बाकावरील हसू कसे ऐकू येत असेल, हा प्रश्न केवळ भावनेचा म्हणून सोडून देता येत नाही. हल्ल्याचे समर्थन अर्थातच यातून होत नाही.

वर्गातील मांडणी :
प्रस्तुत लेखकाच्या मते लहान मुलांना हे चित्र प्रथम दाखवू नये; प्रथम काम दाखवावे. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. संविधान सभेच्या कामकाजाच्या १६५ दिवसांपैकी ११४ दिवस मसुद्याच्या विचारात गेले. हा भागाकार मुलांनाच करू द्यावा. दिवसाला जवळजवळ बावीस दुरुस्त्या असे उत्तर येते. एवढे झाल्यावर चित्र पुढे ठेवावे आणि चित्रकाराने काय वगळले आहे, ते विचारावे.

प्रतीकही समजावून द्यावे लागते. आपल्या भागातील मुलांना गोगलगाय मंदगतीपेक्षा सोयाबीनची कोवळी रोपे खाणारी कीड म्हणून अधिक परिचित आहे. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील कित्येक शेतकऱ्यांवर तिच्यामुळे दुबार पेरणीची वेळ आली. शिवाय 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आहेच. दिल्लीच्या चित्रकाराला अभिप्रेत असलेला अर्थ हिंगोलीच्या मुलापर्यंत आपोआप पोहोचेल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. मुलाने संविधानाला कीड म्हटले आहे, असा चित्राचा अर्थ लावला तर चूक मुलाची नव्हे.

यानंतर बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण सोप्या भाषेत सांगावे. सभेतील नझीरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला 'भरकटलेली समिती' अशा अर्थाचे नाव दिले होते. त्या टीकेला बाबासाहेबांनी आकड्यांनी उत्तर दिले. ऑस्ट्रेलियाच्या संविधानात १२८ कलमे, त्यांना लागली नऊ वर्षे. आपली कलमे ३९५ आणि काळ तीन वर्षांहूनही कमी. मुलांनी हे आकडे फळ्यावर चित्राशेजारी लिहावेत. वर्गातील एखाद्या मुलाने चित्र पाहण्यास नकार दिल्यास त्याला कारण विचारू नये. फळ्यावरचे आकडे त्याच्यासाठी पुरेसे आहेत.